एनक्लेक्सचं टेन्शन: परीक्षेआधीचे दिवस, हॉलमधले पाच तास आणि नंतरचे दोन दिवस

आपल्याकडे जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग पास झालं की मुंबईच्या कौन्सिलला रजिस्ट्रेशन होतं, त्याला वेगळी लायसन्सची परीक्षा नसते. म्हणून जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या घरात कुणाला कळतच नाही की शिकून झालं, नोकरी लागली, आता ही पोरगी परत कसली परीक्षा देतेय आणि रात्रीची झोपत का नाहीये. अमेरिकेत किंवा कॅनडात स्टाफ नर्स म्हणून काम करायचं तर एनक्लेक्स-आरएन द्यावीच लागते. अमेरिकेसाठी नुसती परीक्षेची फी २०० डॉलर, आणि अमेरिकेबाहेरच्या सेंटरला द्यायची तर वर १५० डॉलर, शिवाय इंग्रजीची परीक्षा, कागदपत्रं, तिकडे पाठवणारी एजन्सी. कुणाच्या बापाने कपाशीच्या पैशातून फी भरलेली असते, कुणी सोनं ठेवलेलं असतं. टेन्शन येणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण एक गोष्ट नीट समजून घेतली तर यातलं बरंच टेन्शन कमी होतं, आणि कोचिंगवाले ती घाईघाईत सांगून पुढे जातात म्हणून मी इथे जरा रेंगाळते.

ही परीक्षा देताना प्रत्येकाला आपण नापास होतोय असंच वाटतं, कारण ती बनवलीच तशी आहे. तुम्ही उत्तर दिलं की कॉम्प्युटर तुमची लेव्हल परत मोजतो आणि पुढचा प्रश्न असा शोधतो की तो बरोबर यायचे चान्स निम्मे-निम्मे असावेत. बरोबर आलं की पुढचा अवघड, चुकलं की जरा सोपा. म्हणजे हुशार मुलीलाही निम्म्या प्रश्नांवर घाम फुटणार आणि कच्च्या मुलीलाही निम्म्यांवर. टीएमटीला (हार्टच्या पट्ट्यावरच्या टेस्टला) पेशंट चालत असतो तेव्हा आपण पट्ट्याचा चढ आणि स्पीड वाढवतच नेतो ना, तो धापा टाकतो म्हणून त्याचं हार्ट खराब आहे असं आपण म्हणत नाही, तसंच आहे हे. आपल्याला युनिव्हर्सिटीच्या पेपरची सवय, तिथे पेपर सोपा गेला की पास आणि अवघड गेला की एटीकेटी, तो हिशोब इथे लावायचाच नाही.

आकडे पण माहिती असू द्या. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या पद्धतीत कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. पहिल्या ८५ मधले १५ प्रश्न ट्रायलचे असतात, त्यांचे मार्क धरतच नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही, त्यामुळे एखादा प्रश्न भलताच विचित्र आला तर तो त्यातला असेल म्हणा आणि सोडून द्या. मार्क धरतात अशा केस स्टडी (एकाच पेशंटवरचे प्रश्न) तीन, प्रत्येकीत सहा प्रश्न. १५० चा हिशोब केला तरी एका प्रश्नाला दोन मिनिटं मिळतात. आणि कॉम्प्युटर ८५ ला बंद पडला म्हणजे पास आणि १५० पर्यंत गेला म्हणजे फेल, हे जे सगळे छातीठोकपणे सांगतात ते खोटं आहे. कॉम्प्युटर पासिंग लाईनच्या वर आहात की खाली याची ९५ टक्के खात्री झाली की थांबतो, वर असाल तरी थांबतो, खाली असाल तरी थांबतो. १५० पर्यंत जाऊन पास होणारेही भरपूर असतात.

आधीचे आठवडे

तारीख घेताना घरचं कॅलेंडर बघा. एटीटीला (परीक्षेला बसायच्या परवानगीपत्राला) मुदत असते, त्याच्या आतच तारीख लागते हे खरं, पण त्यातल्या त्यात निवड करता येते. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ ला टेकतो, दुपारी लाईट जाते, घरात लग्नाचे पाहुणे, आखाजीला माहेरी आलेल्या बहिणी आणि त्यांची पोरं, यात अभ्यास होत नाही आणि होत नाही म्हणून टेन्शन डबल होतं. श्रावणात घरी कानबाईचा सण असेल तर तेच. ज्यांची नाईट चालू आहे त्यांनी इन-चार्जशी आधीच बोलून परीक्षेच्या आधीचा आठवडा तरी डे ड्युटी मागून घ्या, नाईट उतरून दोन दिवसात पेपर म्हणजे अर्धी परीक्षा झोपेशीच होते.

तारीख सगळ्यांना सांगू नका. घरातल्या दोघा-तिघांना आणि जिने ड्युटी बदलून दिली तिला, बस. गल्लीला कळलं की दूधवाला पण विचारतो "मग, अमेरिका कधी?"

टेन्शन आलं की माणूस ज्याची भीती वाटते तेच टाळतो, म्हणजे फार्मा कच्चं आहे म्हणून रोज कार्डियाकच वाचत बसायचं, नोट्सला रंगीत पेनने अंडरलाईन करत बसायचं, आणि क्वेश्चन बँक उद्यापासून. त्यावर उपाय एकच, आठवड्यातून एकदा ८५ प्रश्नांचा सेट एका बैठकीत, टायमर लावून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून सोडवायचा. पहिल्या वेळी चाळीसाव्या प्रश्नाला डोकं भणभणतं, तिसऱ्या-चौथ्या वेळी तेवढं होत नाही, शरीराला त्या बसण्याची सवय होते. नंतर रॅशनेल (उत्तर का बरोबर, का चूक याचं स्पष्टीकरण) वाचा, बरोबर आलेल्यांचंही वाचा. ग्रुपवर कुणी ७० टक्के टाकले की आपले टक्के काढून बघू नका, तिने तोच सेट दुसऱ्यांदा सोडवलेला असू शकतो.

छातीत धडधड, हातापायाला घाम, पोटात गोळा, हे काय असतं ते तुम्हाला मी काय सांगणार, सिम्पथेटिक सिस्टीमवर तुम्हीच उत्तरं लिहिली आहेत. फक्त हे लक्षात ठेवा की घाबरून भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि मग बोटांना मुंग्या, डोकं हलकं, आणि आपल्याला वाटतं आता काहीतरी झालंच. म्हणून "मोठा श्वास घे" हा सल्ला अर्धवट आहे. श्वास सोडण्यावर लक्ष द्यायचं: नाकाने चार मोजेपर्यंत आत, तोंडाने हळूहळू सहा-सात मोजेपर्यंत बाहेर, असं तीन-चार मिनिटं. हे रोज करा, चहा उकळत असताना करा, बस स्टँडवर करा. ज्याने कधी केलंच नाही त्याला परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा करून फरक पडत नाही.

रात्री दोनला विचार सुरू होतात त्यासाठी एक वही ठेवा. पण रात्री लिहायचं नाही, संध्याकाळी ठरवून पंधरा मिनिटं लिहायचं, जे जे डोक्यात फिरतंय ते सगळं. मग एकेकासमोर लिहा की याचं मी उद्या काय करणार. "पासपोर्टवर नाव वेगळं आहे" याला उत्तर आहे. आपल्याकडे हा घोळ फार, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, लग्नानंतरच्या आधारवर नवऱ्याचं, मार्कशीटवर तिसरंच, आणि सेंटरला पासपोर्टच दाखवावा लागतो आणि त्यावरचं नाव एटीटीशी जुळावं लागतं. तर ते आजच बघा, दुरुस्तीला वेळ जातो. "एजन्सी पैसे परत मागेल" याला पण उत्तर आहे, करार काढून शांतपणे वाचा, कळत नसेल तर कळणाऱ्याकडून वाचून घ्या. "नापास झाले तर काका लग्नात सगळ्यांसमोर बोलतील" याला काही उत्तर नाही, तिथे रेघ मारायची आणि वही बंद. रात्री परत तोच विचार आला तर, उद्या संध्याकाळी.

गोळीचा विषय. वॉर्डात हाताशी असतं म्हणून कुणीतरी सांगतंच, अर्धी अल्प्राझोलाम घे, किंवा एक इंडेरल घे, हात थरथरायचे थांबतील. नका घेऊ. अल्प्राझोलामने सुस्ती येते आणि नेमकी आठवण मंदावते, आणि इंडेरल म्हणजे प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या माणसाला देत नाहीत हे तुम्हीच पेशंटला विचारता. खरंच गरज वाटत असेल तर डॉक्टरला दाखवून, त्याने लिहून दिली तरच, आणि परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा कधीच नाही.

प्रवास आणि तो दिवस

खान्देशात सेंटर नाही. जळगाव-भुसावळवाले मुंबई धरतात, नंदुरबारकडच्यांना सुरतमार्गे अहमदाबादही जमतं. कुठेही जा, आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा. रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी स्टेशनवर तोंड धुऊन डायरेक्ट सेंटर, असला पराक्रम करू नका, गाडी लेट झाली की सगळं बोंबललं. संध्याकाळी सेंटरची बिल्डिंग, लिफ्ट, कितवा मजला, सगळं बघून या. रात्री साधी मुगाची खिचडी किंवा वरण-भात. शेवभाजी आणि ठेचा घरी आल्यावर. सकाळचा चहा रोज जेवढा घेता तेवढाच, झोप आली नाही म्हणून तीन कप घेतले तर धडधड वाढते आणि मग ती टेन्शनची की चहाची हे कळत नाही. आणि आदल्या रात्री झोप लागली नाही तरी घाबरू नका, आपण नर्सेस आहोत, एका रात्रीच्या जागरणावर काम करायची सवय आपल्याएवढी कुणाला नाही.

अर्धा तास आधी पोहोचायचं. पासपोर्ट बघतात, फोटो काढतात, तळहात मशीनवर ठेवून शिरांचा स्कॅन घेतात. मोबाईल, घड्याळ, पाकीट सगळं बाहेर ठेवावं लागतं. पुसता येणारी एक पाटी आणि मार्कर देतात, कागद-पेन नाही. बाहेर जाताना परत स्कॅन, आत येताना परत स्कॅन. हे आधी माहिती असलं की कुणीतरी आपल्यावर संशय घेतंय असं वाटत नाही, सगळ्यांनाच करतात. दोन तासांनी आणि मग साडेतीन तासांनी ब्रेक मिळतो, घ्यायचाच असं नाही आणि तो वेळ पाच तासांतूनच जातो, तरी माझं मत, पहिला ब्रेक घ्याच. तोंडावर पाणी मारा, दोन घोट प्या.

मधेच डोकं ब्लँक होईल. तेव्हा माऊसवरचा हात काढा, दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, दोन-तीन वेळा श्वास हळू सोडा, आणि मग प्रश्नाची फक्त शेवटची ओळ वाचा, ते नक्की काय विचारतायत: पहिलं काय कराल, कुणाला आधी बघाल, की काय शिकवाल. मग वर जाऊन पेशंट वाचा. आपल्या वॉर्डात आपण काय करतो ते विसरा, तिकडे एका नर्सकडे मोजके पेशंट आणि हाताशी सगळं सामान असतं, उत्तर त्या हिशोबाने द्यायचं. मागे जाता येत नाही, उत्तर दिलं की संपलं. सुरुवातीला याचा राग येतो, पण खरं तर बरंच आहे, खोडाखोड करत बसायची सोयच ठेवली नाही.

बाहेर आल्यावर

बहुतेक जणी रडतात. रडा. पण ग्रुपवर जाऊन "पोटॅशियमवाला कुणाला आला होता का" असं विचारू नका, एक तर प्रश्न बाहेर सांगणं नियमात बसत नाही, आणि दुसरं म्हणजे प्रत्येकीला वेगळे प्रश्न असतात, जुळवून काय मिळणार.

मग ती पॉप-अपची ट्रिक. परत रजिस्ट्रेशन करायचा प्रयत्न करायचा, वेबसाईटने अडवलं तर पास, पैसे मागितले तर फेल, असं म्हणतात. परीक्षा घेणारी संस्था स्वतः सांगते की यावर विश्वास ठेवू नका, आणि कार्ड चाललं तर परत २०० डॉलर कटतील ते वेगळंच. अमेरिकेतल्या ज्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे अर्ज केलाय त्याने सोय दिली असेल तर कामकाजाचे दोन दिवस झाल्यावर थोडे डॉलर भरून अनऑफिशियल रिझल्ट बघता येतो. खरा रिझल्ट बोर्डाकडूनच येतो आणि त्याला काही आठवडेही लागू शकतात. शुक्रवारी पेपर दिला असेल तर शनिवार-रविवार मोजू नका, उगाच दर तासाला लॉग-इन करून काही होत नाही.

या दोन दिवसांत सुट्टी घेऊन घरी पडून राहू नका असं माझं मत, पहिला दिवस झोपा, दुसऱ्या दिवशी सरळ ड्युटीला जा, ड्रेसिंग आणि हँडओव्हरमध्ये वेळ निघून जातो. घरी असाल तर पापड लाटायला बसा, पण फोन दुसऱ्याकडे द्या. नातेवाईक विचारणारच, "रिझल्ट लागना का वं?" त्याला एकच उत्तर ठरवून ठेवा, "लागला की मीच फोन करते," आणि दहा वेळा तेच द्या, जास्त समजावत बसायचं नाही.

रिझल्टनंतरही झोप नाही, जेवण जात नाही, ड्युटीवर हात कापतात, कशातच मन लागत नाही आणि असं दोन आठवडे चाललं, तर ते नुसतं परीक्षेचं टेन्शन राहिलं नाही, दाखवायला पाहिजे. जगण्यात अर्थ नाही असले विचार येत असतील तर दोन आठवडे पण थांबायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. आपल्याच हॉस्पिटलच्या सायकियाट्री ओपीडीत जायची लाज वाटते, केसपेपर काढणारा पण ओळखीचा असतो, मला माहितीये. त्यांच्यासाठी टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

नापास झालात तर बोर्डाकडून परफॉर्मन्स रिपोर्ट येतो, त्यात प्रत्येक भागाला पासिंगच्या वर, जवळ की खाली असं लिहिलेलं असतं. पहिला आठवडा तो उघडूच नका. नंतर उघडा आणि "खाली" वाले भाग आधी, मग "जवळ" वाले, "वर" वाल्यांना फक्त चाळा. मधे कमीत कमी ४५ दिवस थांबावं लागतं, फी परत पूर्ण भरावी लागते. सेहेचाळिसाव्याच दिवशी द्यायची असा काही नियम नाही. पैशाची सोय, ड्युटी आणि घरातलं वातावरण बघून तारीख घ्या, आणि यावेळीही गल्लीत सांगू नका.