सोसायटीतलं पावसाचं पाणी: शोषखड्डा खणण्याआधी या चुका टाळा

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फोन सुरू होतात आणि वाक्य दरवर्षी तेच असतं. "साहेब, शोषखड्डा केलाय, तरी पार्किंगमध्ये पाणी भरलं." शोषखड्डा म्हणजे गच्चीचं पाणी जमिनीत मुरवायला खणलेला, दगड-खडी भरलेला खड्डा. मी आधी एकच गोष्ट विचारतो: खणताना खाली काय लागलं होतं? मुरूम, काळी माती की कातळ? बहुतेक वेळा पलीकडून उत्तर येत नाही. खड्डा खणला, बिल दिलं, झाकण बसवलं. खाली काय आहे ते बघायला कोणी उतरलेलंच नसतं.

पुण्यातली ही सर्वात महागडी चूक. आपण बेसाल्टच्या थरांवर राहतो. वरचा झिजलेला भाग म्हणजे मुरूम. तो पाणी पितो. त्याखालचा एकसंध कातळ पीत नाही, त्याला फटी असतील तरच पाणी पुढे सरकतं. काळ्या मातीची तऱ्हा आणखी वेगळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि चार पाऊस झाले की ती फुगून सगळ्या भेगा मिटवून टाकते. म्हणून मे महिन्यात बादलीभर पाणी ओतून "बघा, लगेच मुरलं" असं कोणी दाखवलं तर विश्वास ठेवू नका. जुलैत तीच माती पाणी धरून बसते.

शहराच्या पश्चिमेकडच्या एका सोसायटीत मी असा खड्डा उघडला होता. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, तीन मीटर खोल. पाऊस थांबून सहा दिवस झाले होते आणि पाणी काठोकाठ, वर हिरवट साय. पंप लावून पाणी उपसलं, दगड बाहेर काढले. तळाला कातळ होता, ब्रेकरच्या छिन्नीचे ओरखडे अजून ताजे दिसत होते. कातळ फोडून खड्डा खोल केल्याचे सोसायटीने जास्तीचे पैसे मोजले होते. वरच्या दीड मीटरला छान पिवळसर मुरूम होता, पण तिथे चारी बाजूंनी विटांचं बांधकाम आणि आतून सिमेंटचा गिलावा. जिथून पाणी मुरणार होतं ती बाजू पक्की बंद, आणि जिथून मुरणार नव्हतं तो तळ उघडा. खड्डा नव्हता तो, टाकी होती. मुरमाच्या पट्ट्यात भिंतीला ओळीने भोकं पाडली, बाजूने खडी भरलेला लांब उथळ चर काढला. पुढच्या मोठ्या पावसात खड्डा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रिकामा झाला.

तपासणी अवघड नाही. जिथे खड्डा घ्यायचा तिथे मुरूम लागेपर्यंत छोटा खड्डा खणा, पाण्याने भरा, ते पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि काठीवर खुणा करून दर अर्ध्या तासाला पाणी किती उतरतं ते लिहा. खरी मानायची ती दुसऱ्यांदा भरल्यानंतरची उतरण. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते.

सहाव्या मिनिटानंतर काय?

दुसरी चूक हिशेबाची. एक हजार चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक हजार लिटर पाणी होतं. पुण्यात वळवाच्या नाही तर परतीच्या सरीत तासाला ५० मिलिमीटर ही अघटित गोष्ट नाही. म्हणजे तासाला ५० हजार लिटर. थोडी घट धरली तरी ४५ हजार, म्हणजे मिनिटाला ७५० लिटर. वर सांगितलेल्या खड्ड्याचं घनफळ १२ घनमीटर. ऐकताना १२ हजार लिटर वाटतं, पण आत दगड आणि खडी भरलेली असते. मोकळी जागा उरते ३५ ते ४० टक्के, साडेचार हजार लिटरच्या आसपास. सर सुरू होऊन सहा मिनिटं झाली की खड्डा भरला.

सातव्या मिनिटाचं पाणी कुठे जाणार, हे ठरवणं म्हणजेच या कामाची रचना. आणि नेमकं तेच नकाशावर नसतं. मी पाहिलेल्या कितीतरी खड्ड्यांना ओव्हरफ्लोचा पाइपच नव्हता. काहींना होता, पण तो पार्किंगच्या फरशीपेक्षा वर, म्हणजे पाणी आधी गाड्यांत शिरणार आणि मग पाइपात. ओव्हरफ्लोची पातळी पार्किंगच्या खाली हवी, आणि तो पावसाळी गटारात सोडलेला हवा.

२०२० च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. पण खड्डा असणं वेगळं आणि तो तुमच्या गच्चीला पुरणं वेगळं. बांधकाम पूर्ण झाल्याच्या दाखल्यासाठी खड्डा करून झाला असेल, तर आता एकदा लिटरचा हिशेब मांडा.

हिशेबात किती पाणी मुरेल हे गृहीत धरण्याने मोठी शहरंसुद्धा फसली आहेत. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होती, तीही ओहोटीच्या वेळी, आणि त्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. मग अंगणं, मैदानं, पाणथळ जागा काँक्रीटखाली गेल्या आणि मुरणारं ते निम्मं पाणीही वाहिनीकडे धावू लागलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी कुठलीच वाहिनी पुरली नसती, हे खरं. पण त्याआधी आणि त्यानंतर साध्या मुसळधार पावसातही दादर-परळजवळचा हिंदमाता हा सखल भाग तुंबतच होता. तिथे २०२१ मध्ये परळ आणि दादरच्या मैदानांखाली साठवण टाक्या बांधल्या, पाणी तिथे उचलून ठेवायचं आणि ओसरल्यावर सोडायचं. तेच तत्त्व तुमच्या आवारातही लागू पडतं: पाण्याला थोडा वेळ थांबायला जागा द्या. अशी टाकी मात्र पुढची सर येण्याआधी रिकामी हवी. बागेला लागेल म्हणून भरून ठेवलेली टाकी पुराच्या वेळी काही कामाची नाही.

पेव्हर ब्लॉक लावले की पाणी मुरतं, हाही असाच समज. एक ब्लॉक उचलून बघा. खाली चार इंच पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, असेल तर ती जमीन राहिलेली नाही, ती गच्ची झाली. पाणी मुरवायचं तर ब्लॉकखाली खडीचे थर हवेत आणि सांध्यांत बारीक खडी, सिमेंटची स्लरी नको.

पातळीच्या चुका

बाग नेहमी रस्त्यापेक्षा उंच करतात, कठड्याच्या वर मातीचा ढीग. दिसायला छान, पण पहिल्या पावसात ती माती वाहून चेंबरमध्ये बसते. बाग रस्त्यापेक्षा वीतभर खाली घ्या, कठड्याला जागोजागी खाचा ठेवा, पाणी आत येऊ द्या. दोन दिवसांत ते जिरलं पाहिजे. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे दोन दिवसांत आटणाऱ्या पाण्याची भीती बाळगू नका.

रस्त्याचं डांबरीकरण करताना जुना थर खरवडून काढायला सांगा. थरावर थर चढत गेले की एक दिवस रस्ता सोसायटीच्या फाटकापेक्षा उंच होतो आणि सगळ्या गल्लीचं पाणी तुमच्याकडे वळतं. पाणी जिथून चेंबरमध्ये उतरतं त्या जाळीची पातळी गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, तपासता येते, पाच मिनिटांचं काम. जाळी भोवतालच्या फरशीपेक्षा बोटभर जरी वर असली, तरी पाणी तिच्या बाजूने निघून जातं.

तळमजल्याच्या संडासातून पावसात पाणी उलट येत असेल, तर बहुतेक वेळा गच्चीचं पाणी खाली आणणारा डाऊनटेक पाइप कोणीतरी ड्रेनेजच्या, म्हणजे सांडपाण्याच्या, चेंबरला जोडलेला असतो. याच्या उलट, जानेवारीत पावसाळी चेंबरमध्ये पाणी वाहताना दिसलं, तर ते सांडपाणी आहे आणि ते थेट ओढ्याला चाललंय. दोन्ही जोड शोधून तोडायलाच हवेत. आणि पार्किंगचं तेलकट पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नका. बोअरला फक्त गच्चीचं पाणी, तेही गाळणीतून आणि पहिल्या पावसाचं बाहेर सोडून दिल्यावर. एकदा खाली घाण उतरली की ती काढण्याचा उपाय आपल्या हातात राहत नाही.

ओढ्याकाठच्या सोसायट्यांनी सीमाभिंतीकडे नीट बघावं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आंबिल ओढ्याला जो लोंढा आला, त्यात भिंत कोसळून माणसं दगावली. सलग भिंतीमागे पाणी साठत जातं आणि मग सगळा भार एकदम सुटतो. भिंतीला तळाशी पाणी जायला मोकळ्या जागा ठेवा, भराव टाकून ओढ्याचं पात्र अरुंद करू नका. या एका बाबतीत मी कोणाशी तडजोड करत नाही.

देखभालीचं काम थोडकं आहे. मे महिन्यात गच्ची झाडून घ्यायची, गाळणीतली वाळू धुवायची, चेंबरमधला गाळ काढून लगेच उचलून न्यायचा. काठावर ठेवलेला गाळ पहिल्याच सरीत परत आत जातो. शिवाय खड्ड्याच्या झाकणाची किल्ली वॉचमनकडे ठेवा आणि एक वही करा. मोठा पाऊस थांबला की वेळ लिहायची, खड्डा रिकामा झाला की पुन्हा वेळ लिहायची. मागच्या वर्षी सहा तास लागत होते आणि यंदा अठरा लागले, तर वरचा खडी-वाळूचा थर बदलायची वेळ आली आहे.