आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला घरी केव्हा सोडावे?

आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचे नातेवाईक तिसऱ्या दिवसापासूनच डिस्चार्जची चौकशी सुरू करतात आणि राउंडवरचा निवासी डॉक्टर पुष्कळदा ‘टाके निघाले की’ असे ठरावीक उत्तर देऊन मोकळा होतो. असे दिवस मोजण्याऐवजी दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: रुग्ण घरी जाण्याजोगा झाला आहे का, आणि झाला असल्यास त्याला आजच पाठवणे योग्य आहे का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तपासताना जेवणापासून सुरुवात करावी. रुग्णाने मऊ भात किंवा मुगाची खिचडी असे किमान एक घन जेवण उलटी, मळमळ वा पोटफुगी न होता पचवलेले असावे आणि सलाईन बंद करूनही दिवसाला सुमारे ८०० ते १००० मिलिलिटर पाणी, ताक, पेज त्याच्या पोटात जात असावी. ‘जेवण गेलं का?’ या प्रश्नाला घरी जाण्याच्या ओढीने ‘हो’ असेच उत्तर मिळते, म्हणून खाटेशेजारचे ताट स्वतः पाहावे. वरण संपलेले आणि भात तसाच असेल, तर ते जेवण नव्हे.

वायू सरला असल्यास सहसा पुरेसे असते; शौचाला होईपर्यंत रुग्णाला अडकवून ठेवण्याची गरज नाही. मात्र हा प्रश्न सासऱ्यांसमोर विचारल्यास सून उत्तर देणार नाही, त्यामुळे तो पडदा ओढून सिस्टरांनी विचारलेला बरा. याउलट थोडी थोडी, कळ येऊन, वारंवार पातळ शौचाला होत असेल, तर आतडी पूर्ववत झाली असे समजू नये, कारण ओटीपोटात पू साचल्याचेही ते लक्षण असू शकते. वेदना गोळ्यांनी आटोक्यात राहाव्यात, लघवी नळीशिवाय व्हावी आणि रुग्णाने स्वच्छतागृहापर्यंत आपल्या पायांनी जावे, एवढे पाहिले की हा भाग संपतो.

खरी काळजी आतड्याच्या जोडाची, म्हणजे कापलेली टोके जिथे एकत्र जोडली त्या जागेची असते. जोड गळत असल्याचे अनेकदा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास, क्वचित त्याहूनही उशिरा उघड होते, म्हणजे लवकर सोडलेल्या रुग्णाच्या बाबतीत घरी गेल्यावर. ताप येण्याआधी नाडी वाढलेली दिसू शकते. विश्रांतीतही ती १०० च्या वर राहत असेल आणि कारण सापडत नसेल, तर बाकी सारे ठीक दिसले तरी रुग्णाला थांबवावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशीचे सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे रक्तातील प्रथिन) लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या खाली आणि उतरते असेल तर दिलासा मिळतो. चढते असेल तर तेवढ्यावरून गळती सिद्ध होत नाही, पण कारण शोधल्याशिवाय सोडू नये.

शौच बाहेर घेण्यासाठी पोटावर पिशवी लावलेल्या रुग्णाने किंवा घरातील कोणीतरी ती रिकामी करून आणि बदलून दाखवावी. नुसते ‘समजले’ ग्राह्य धरू नये. लहान आतड्याच्या पिशवीत दिवसाला १५०० मिलिलिटरहून अधिक पडत असेल, तर जत-आटपाडीच्या एप्रिलमधील उन्हात शरीरातले पाणी कमी होऊन मूत्रपिंडे बिघडायला वेळ लागत नाही.

आता दुसरा प्रश्न. सांगलीत राहणारा रुग्ण त्रास होताच मिरजेत परत येऊ शकतो. ऐन पावसात कोयना खोऱ्यातील वाडीवरून कराड गाठणे तितके सोपे नसते. अशा रुग्णाला आणखी एक-दोन दिवस ठेवणे हा मला उपचाराचाच भाग वाटतो, फक्त तसे कारण केसपेपरवर स्पष्ट लिहावे. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर रक्त गोठू नये म्हणून चार आठवड्यांपर्यंत इंजेक्शने द्यावी लागत असल्यास, ती गावात कोण देणार हे आधीच ठरवावे.

घरी देण्याचा कागद मराठीत असावा: वाढती पोटदुखी, ताप, थंडी, उलट्या, पोट फुगणे किंवा जखमेतून पू येणे यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता यावे, हे त्यावर ठळक लिहावे आणि खाली रात्रीही उचलला जाणारा दूरध्वनी क्रमांक द्यावा.