काच वितळवायच्या टॉर्चसाठी टेबलावर काय घालावं: माझा अनुभव
बेळगावात घरच्या माडीवर मी टॉर्चवर, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर काच वितळवून, मणी करते. टेबल प्लायचं, तापलेला काचेचा थेंब पडला की जागा काळी पडून धूर यायचा. कडप्पा घालावा असं सगळे सुचवत होते, पण दगड एकाच जागी तापला की तडकतो, कधी कपची उडते. गॅल्व्हनाइजचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा तर नकोच. जस्त ४१९ अंशाला वितळतं आणि आणखी तापलं की त्याचा धूर छातीत जातो. माळ्यावरच्या जुन्या सिमेंट पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसाला घातक तंतू असतो, म्हणून त्याला हातसुद्धा लावला नाही.

शेवटी प्लायवर अ‍ॅस्बेस्टॉस नसलेला सिमेंट बोर्ड घातला आणि त्यावर उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून कापून आणलेला स्टेनलेस स्टीलचा पत्रा. पुढची कड अर्धा इंच वर वळवून घेतली; आता थेंब घरंगळत मांडीवर येत नाही. ती धार कानशीने नीट घासून घ्या, मनगट नेमकं तिथंच टेकतं. बोर्ड गाळून पत्रा थेट प्लायवर ठोकू नका, उष्णता खाली उतरून लाकूड हळूहळू कोळपतं.

तयार मणी मात्र स्टीलवर ठेवायचा नाही. थंड धातूला टेकला की तडकतो. तो सरळ भट्टीत, हळूहळू थंड व्हायला.