'कर' काढला की गाव मिळतं, घराणं नाही: बेने इस्रायली आडनावाचा माग

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्या आडनावातला शेवटचा 'कर' काढला की गाव हाती येतं. पेणकर पेणचे, चेऊलकर चौलचे, केहिमकर किहीमचे. रोहेकर आणि अष्टमकर यांच्यामध्ये तर फक्त कुंडलिका नदी. झिराड मात्र 'कर' न लावताच आडनाव झालं. पण गाव म्हणजे घराणं नव्हे. पेणकर, दिवेकर हिंदूंतही आहेत. म्हणून सुरुवात आडनावापासून नको, आजोबा-पणजोबांच्या नावांपासून करा.

इथेच बहुतेकांची गाडी अडते. एकाच माणसाची दोन नावं असत, एक हिब्रू आणि एक मराठी वळणाचं. मुंबईतल्या मांडवीची 'जुनी मशीद', म्हणजे 1796 चं शार हारहमीम सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर), ज्यांनी बांधलं ते सॅम्युएल इझिकिएल दिवेकर आणि सामाजी हसाजी दिवेकर एकच. तेव्हा कागदाला दोन रकाने पाडा: सॅम्युएल–सामाजी, इझिकिएल–हसाजी. जुन्या कागदात आडनाव गाळून नुसतं 'सामाजी हसाजी' असू शकतं, त्यामुळे फक्त आडनाव शोधत बसलात तर नोंद समोरून निसटते. घरात केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, जपलेला असेल तर आधी तोच उघडा. वधू-वर दोघांच्या वडिलांची नावं तिथे मिळतात.

मग कबरस्तान. आधी कमिटीची परवानगी घ्या. शनिवारी जाऊ नका, तो ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. दगड खरवडू नका, खडूही फासू नका. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात, म्हणजे झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. हिब्रू साल अक्षरांत असतं आणि त्यातले 5000 बहुधा गाळलेले असतात. ताव 400, रेश 200, नून 50, वाव 6, बेरीज 656. त्यात 1240 मिळवा: 1896. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून तिथून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला 1239 मिळवायचे. शके कोरलेलं असेल तर 78 मिळवून ताळा करा. शक वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, म्हणजे जानेवारी ते मार्चमधल्या तारखेला, 79.

रोमन लिपीतला घोटाळा वेगळाच. नवगाव आणि नागाव दोन्ही अलिबाग तालुक्यातली. एक 'व्ही' गळला की नवगावकराचा नागावकर होतो आणि शोध भलत्याच गावात शिरतो. मराठी सही किंवा कबरीवरचा मराठी मजकूर पाहिल्याशिवाय गाव पक्कं करू नका.

गाव ठरलं की जुने फेरफार काढा. मजकूर मोडीत निघाला तर अंदाजाने वाचू नका, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारताना 'शनिवार तेली' म्हणा. तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांचं हे नाव. नुसतं 'तेली' म्हणालात तर दुसऱ्याच आळीत नेऊन सोडतील.