गाडीतले दिवे गेले? छत उघडायच्या आधी या चुका टाळा

आमची गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. आत पलंग, ओटा, पाण्याचा पंप आणि छताला आठ एलईडी दिवे बसवून घेतलेले. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या अलीकडे मुक्काम केला आणि अंधार पडता पडता सगळे दिवे एकदम गेले. मी लगेच स्क्रू ड्रायव्हर काढला, तोंडात टॉर्च धरली आणि छताचं पॅनल उतरवायला घेतलं. अर्धा तास झाल्यावर बायको शांतपणे म्हणाली, ''अहो, सीटखालचा तो लाल खटका बघितलात का?''

बघितला नव्हता. शेगडीची पिशवी आत ढकलताना बॅटरीचा मेन स्विच फिरून बंद झाला होता. त्या रात्री हरवलेले छताचे चार स्क्रू अजून सापडलेले नाहीत.

दिवा लागला नाही की माणूस दिव्याकडेच बघतो, ही पहिली चूक. आधी बघा, काय काय बंद आहे. दिव्यांबरोबर पंप आणि पंखाही मेला असेल तर दोष बॅटरीजवळ आहे: मेन स्विच, बॅटरीशेजारचा मोठा फ्यूज, नाहीतर खुद्द बॅटरी. पंप चालतोय पण दिवे सगळे गेले, तर दिव्यांचा फ्यूज किंवा त्यांचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी काळी वायर). एकच दिवा गेला असेल तरच स्क्रू ड्रायव्हर वर न्या.

'इंजिन तर झटक्यात सुरू होतं!'

होणारच. ते पुढच्या बॅटरीवर सुरू होतं. आतले दिवे चालतात मागच्या, म्हणजे घराच्या बॅटरीवर, आणि दोघींचा संसार वेगळा. इन्व्हर्टरचंही तेच. आतले दिवे थेट 12 व्होल्ट डीसीवर असतील (बहुतेक गाड्यांत असतातच), तर इन्व्हर्टर चालू-बंद करत बसून काही उपयोग नाही.

मागची बॅटरी मल्टिमीटरने मोजा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरलेली असेल तर चार्जर काढून थोडा वेळ गेल्यावर 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे अर्धी. 11.8 च्या आसपास म्हणजे संपलीच. पण नुसत्या आकड्यावर भुलू नका. पंप, पंखा, दिवे सगळं चालू करा आणि मीटरकडे बघत राहा. 12.6 चे एकदम 11 च्या खाली आले तर बॅटरी म्हातारी झाली आहे, किंवा तिचे टर्मिनल सैल आहेत. टर्मिनल आधी घट्ट करा, नवीन बॅटरीचे पैसे नंतर मोजा.

लिथियमवाल्यांची चूक वेगळीच असते. बॅटरी फार उतरली की तिच्या आतलं संरक्षण सर्किट तिला बंद करतं. मीटर जवळजवळ शून्य दाखवतो आणि मालक कपाळाला हात लावतो. बऱ्याचदा ती मेलेली नसते, झोपलेली असते. योग्य चार्जर लावला की जागी होते. मात्र काही चार्जर बॅटरीत व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत, तेव्हा लिथियमसाठीचाच चार्जर घ्या.

घरचा टेस्टर गाडीत चालत नाही

हे किती जणांना सांगितलं असेल याची गणती नाही. घरात सॉकेटमध्ये खुपसतो तो टेस्टर 12 व्होल्टवर पेटत नाही. त्यातल्या निऑनला निदान 60-70 व्होल्ट लागतात. तो पेटला नाही म्हणून 'करंटच येत नाही' असं ठरवून लोक चांगल्या वायरी उपटतात.

मल्टिमीटर घ्या. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत साधा मीटर सहज मिळतो. डीसी 20 व्होल्टच्या खुणेवर ठेवायचा, बस. त्याच्या जोडीला मी एक जुगाड ठेवतो: इंडिकेटरचा जुना 12 व्होल्टचा बल्ब, होल्डरसकट, त्याला दोन लांब वायरी. कुजलेल्या जॉइंटमधूनही मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसू शकतं, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. बल्ब ओढतो, म्हणून तो खोटं बोलत नाही.

फ्यूजला तार

घरच्या किटकॅटमध्ये (जुन्या पद्धतीच्या फ्यूजमध्ये) तार गुंडाळायची आपल्याला सवय. गाडीत ती मोडा. हिशेब करून बघा: एक एलईडी 3 वॅटचा, आठ मिळून 24 वॅट, म्हणजे 12 व्होल्टवर फक्त 2 अँपिअर. त्यांना 5 चा फ्यूज रग्गड होतो. तोच वारंवार उडत असेल तर दिवे जास्त झालेले नाहीत, कुठेतरी वायर घासून पत्र्याला लागते आहे. तिथे 30 चा हिरवा फ्यूज घातला तर पुढच्या खेपेला फ्यूजच्या आधी वायर जळेल, आणि ती वायर लाकडी पॅनलच्या मागे असते.

फ्यूज डोळ्यांनी तपासणं हीदेखील चूकच. बारीक तडा दिसत नाही. फ्यूज जागेवर असताना त्याच्या डोक्यावर धातूचे दोन ठिपके उघडे असतात. सर्किट चालू ठेवून मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल टोक दोन्ही ठिपक्यांना आळीपाळीने लावा. दोन्हीकडे 12 हवेत. एकीकडेच आले तर फ्यूज गेला.

अर्थ, अर्थ आणि अर्थ

ताम्हिणीनंतर दोन महिन्यांनी आमचे मागचे चार दिवे मिणमिणायला लागले. पंप सुरू झाला की आणखी मंद व्हायचे. मी बल्ब बदलले, स्विच बदलला. शेवटी नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्याने दिवे आणि पंप चालू ठेवूनच मोजलं. बॅटरीवर 12.5. दिव्याच्या दोन टोकांत 8.1. मग एक लांब वायर घेऊन मीटरचं काळं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलं आणि लाल टोक दिव्याच्या प्लसवर ठेवलं: 12.3. म्हणजे प्लस व्यवस्थित पोचत होता, परतीच्या वाटेवर चार व्होल्ट गळत होते.

पलंगाखाली त्याने बोट दाखवलं. दिव्यांची आणि पंपाची काळी वायर एकाच थिंबलने (वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कडीने) पत्र्याला आवळलेली होती, रंग न खरवडता. इतके दिवस सगळा करंट त्या स्क्रूच्या आट्यांतून जात होता आणि पावसात आट्यांना गंज चढला.

''काका, रंगावर अर्थ कुठं लागतो होय?''

पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवी थिंबल, दातेरी वॉशर, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. दिव्यावर 12.3 आले. दहा मिनिटांचं काम, आणि मी तीन रविवार घालवले होते. कोकणात समुद्राजवळ मुक्काम करणाऱ्यांनी तर वर्षातून एकदा सगळे अर्थ उघडून बघावेत.

बाकी किरकोळ

एलईडीला प्लस-मायनस असतो. नवा दिवा लागला नाही तर फेकण्याआधी वायरी उलट करून बघा. घेताना 10 ते 30 व्होल्टवर चालणारा मागा, कारण चार्जिंग चालू असताना 14.4 पर्यंत जातात आणि नेमका 12 वर बेतलेला स्वस्त दिवा त्याने लवकर जातो. डिमर किंवा टच स्विच असेल तर तो बाजूला काढून दिव्याला थेट वायर द्या. लागला तर दोषी कोण ते कळलं. वायरी नुसत्या पिळून टेप मारू नका. घाटाच्या हादऱ्यांत तो जॉइंट टिकत नाही. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी महिनाभर उभी असेल तर उंदीर येऊन गेलेत का तेही पाहा. लेंड्या दिसल्या की वायरी तपासायच्या.

हात घालण्याआधी अंगठी आणि घड्याळ काढा, बाहेरचा 230 व्होल्टचा प्लग काढा, इन्व्हर्टर बंद करा, आणि वायर सोडायची असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा. जळका वास आला किंवा वायर हाताला गरम लागली तर मेन स्विच बंद करून गाडी थेट इलेक्ट्रिशियनकडे न्या.

आमचा पलंगावरचा वाचायचा दिवा मात्र अजून फडफडतो. टपली मारली की थांबतो, म्हणजे जॉइंटच सैल असणार. पण त्यासाठी छताचं पॅनल उतरवावं लागेल, आणि आता स्क्रूही कमी आहेत.