लिग्निनपासून हायड्रोकार्बन काढताना या चुका टाळा

रिअॅक्टर उघडला आणि ढवळणीच्या पात्याला डांबरासारखा काळा चिकटा बसलेला दिसला, की पहिला संशय कॅटॅलिस्टवर (उत्प्रेरकावर) जातो. मीही आधी तोच बदलत बसायचो. पण बहुतेक वेळा घोळ आधीच, लिग्निन (वनस्पतीच्या तंतूंना धरून ठेवणारं पॉलिमर) वेगळं काढताना झालेला असतो.

उसाच्या चिपाडात साधारण २० ते २५ टक्के लिग्निन असतं. ते आम्लात उकळून काढलं की त्यातले बीटा-ओ-४ ईथर बंध (घटकांना जोडणारे ऑक्सिजनचे दुवे) तुटतात आणि मोकळी टोकं कार्बन-कार्बन बंधांनी पुन्हा एकमेकांना धरतात. हे नवे बंध २५० अंश सेल्सिअसलाही निकेलच्या कॅटॅलिस्टला दाद देत नाहीत. म्हणून जमेल तिथे दळलेलं चिपाड, मिथेनॉल, कॅटॅलिस्ट आणि हायड्रोजन एकाच भांड्यात घ्या. सुटलेला तुकडा चिकटायच्या आत स्थिर होतो.

क्राफ्ट लिग्निनमध्ये, म्हणजे कागद कारखान्याच्या क्राफ्ट पद्धतीतून निघणाऱ्या लिग्निनमध्ये, १ ते ३ टक्के गंधक असतं. त्याने निकेल, रुथेनियम दोन्ही मरतात. तिथे मॉलिब्डेनम सल्फाइड वापरा.

सगळ्यात जास्त फसगत उताऱ्यात, म्हणजे किती माल मिळाला या हिशोबात, होते. चिपाडाच्या लिग्निनला कुमॅरिक आम्ल एस्टर बंधाने लटकलेलं असतं. ते सहज सुटतं, जीसीच्या (गॅस क्रोमॅटोग्राफच्या) आलेखावर देखणा उंचवटा येतो आणि उतारा वाढल्यासारखा वाटतो, पण मूळ साखळी तशीच असते. हे आम्ल सौम्य अल्कलीने सोडवून आधी वेगळं मोजा. लिग्निन न घालता, नुसतं सॉल्व्हंट आणि कॅटॅलिस्ट घेऊनही एक रन कराच. इथेनॉलपासून ब्युटेनॉल तयार होतं आणि ते लिग्निनच्या खात्यावर चढतं. जीसीत न दिसणारं जड तेल आणि कोळसा तराजूवर घ्या.

लिग्निन तुटून फिनॉल मिळाले म्हणजे हायड्रोकार्बन मिळाले असं नव्हे, फिनॉलमध्ये ऑक्सिजन उरलेला असतो. नुसत्या रुथेनियम-कार्बनवर (कार्बनवर बसवलेल्या रुथेनियमवर) गाडी बऱ्याचदा सायक्लोहेक्झेनॉलवर अडते. पाणी काढून पुढे सायक्लोहेक्झेनपर्यंत जायला कॅटॅलिस्टच्या धातूला झिओलाइटसारखा (सच्छिद्र खनिजासारखा) आम्लधर्मी आधार लागतो. गॅमा अॅल्युमिना मात्र गरम पाण्यात टिकत नाही, त्याचं बोहमाइट (पाणी धरलेलं अॅल्युमिनियमचं खनिज) होतं.

थंड असताना भरलेला ३० बार हायड्रोजन २५० अंशांना, मिथेनॉलच्या बाष्पासह, १०० बारच्या पुढे जाऊ शकतो. भांडं काठोकाठ भरू नका. आणि गाळलेला पॅलेडियम-कार्बन (हाही असाच एक कॅटॅलिस्ट) फिल्टर पेपरवर कोरडा होऊ देऊ नका. मिथेनॉलने ओला असलेला पेपर कडेने वाळत गेला आणि मधोमध लाल ठिणगी फिरू लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तो गाळताना नायट्रोजनखाली ठेवा, लगेच पाण्याने भिजवा आणि ओलाच बाटलीत भरा.