पेटीतले स्वेटर निघण्याआधी: नागपुरात हिवाळी फुलांचं बी कसं पेरावं

डिसेंबरची पहिली बोचरी सकाळ उजाडली की नागपूरकरांना बाग आठवते. मग बियांची पाकिटं येतात. पेरलेली रोपं रेंगाळत वाढतात, फेब्रुवारी संपता संपता कळ्या धरतात आणि मार्चचं ऊन त्यांना भाजून काढतं. बी खराब होतं असं सगळे म्हणतात, पण चुकलेली असते ती तारीख. थंडीत फुलणारं रोप आपल्याकडे थंडी पडायच्या आधी मातीत जायला हवं.

हिशेब उलटा मांडा. फुलांसाठी आपल्या हाती डिसेंबरची अखेर ते मार्चचा मध्य एवढाच काळ असतो. पिटुनियाला पेरणीपासून पहिलं फूल यायला साधारण 10 ते 12 आठवडे लागतात, कॅलेंडुलाला थोडे कमी. म्हणजे पहिली पेरणी 5 ते 20 ऑक्टोबरच्या दरम्यान, पाऊस परतला की लगेच. कोजागिरीची खूण सोपी वाटते, पण अधिक महिन्यामुळे ती कधी कधी महिनाअखेरीला जाते, म्हणून कॅलेंडरची तारीखच धरा.

या पहिल्या खेपेत पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस, कॅलेंडुला, ॲलिसम, स्वीट पी आणि डॉग फ्लॉवर, म्हणजे अँटिरायनम. दुसरी खेप नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, रात्री पंखा बंद करावासा वाटू लागला की. त्यात लार्कस्पर आणि पॉपी. यांना गार माती लागते. मी एका वर्षी उत्साहाने दसऱ्यालाच पॅन्सी पेरली होती. दुपारी तापलेल्या त्या मातीत एकही बी उगवलं नाही. पॅन्सी उशिरा पेरली तर फूल उशिरा, लवकर पेरली तर उगवणच नाही. तिची तयार रोपं नर्सरीतून आणावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक सावधगिरी. अर्ध्या कापलेल्या प्लास्टिकच्या दुधाच्या कॅनमध्ये बी पेरून ते बर्फात ठेवायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. बर्फ पडणाऱ्या देशांत ते बरोबर आहे: बी गोठवणाऱ्या थंडीत झोपून राहतं आणि वसंतात आपोआप उगवतं. आपल्या उन्हात तसा बंद कॅन ठेवला तर दुपारपर्यंत रोपं उकडून निघतील.

आता भांडं. संत्र्याचं लाकडी खोकं मिळालं तर त्याच्यासारखं काही नाही. उथळ असतं, फटींतून पाणी निथळतं, आत वर्तमानपत्राचा एक थर घातला की माती गळत नाही. नाहीतर कुठलाही चार इंच खोल ट्रे, तळाला भोकं पाडून.

माती मात्र अंगणातली तशीच घेऊ नका. आपली काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण बारीक बियांची वैरी. ओली असताना चिकट, वाळली की वर कडक पापुद्रा धरते आणि पिटुनियाच्या केसाएवढ्या कोंबाला तो फोडता येत नाही. एक भाग माती, एक भाग कन्हानची धुतलेली रेती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत घ्या, तिन्ही चाळणीतून गाळून. शेणखत काळं, भुसभुशीत आणि बिनवासाचं हवं. कच्च्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते आणि तणही. पेरणीच्या आदल्या दिवशी या मिश्रणावर उकळतं पाणी ओतून निथळू द्या. बुरशी बरीच कमी होते.

पेरताना बी किती खोल टाकायचं याचा साधा नियम: बियाच्या जाडीच्या दुप्पट माती, त्याहून जास्त नाही. पिटुनिया, अँटिरायनम आणि ॲलिसमला तेवढीही नको. त्यांना उगवायला उजेड लागतो, म्हणून मातीवर टाकून सपाट फळीने नुसतं दाबा. पिटुनियाचं बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये सुमारे 10,000 दाणे बसतात. चिमूटभर कोरड्या रेतीत मिसळून पेरलं तरच ते सारखं पसरतं. कॅलेंडुला, फ्लॉक्स आणि लार्कस्परला उलट अंधार आवडतो, त्यांच्यावर माती हवीच.

पाणी वरून मगाने कधीच नको. माझी पहिली पेरणी अशी एकाच कोपऱ्यात वाहून गेली आणि तिथे रोपांचं गवत उगवलं. ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवा. वरची माती गडद दिसली की काढून घ्या. नंतर ओल टिकवायला फवारणीची बाटली पुरे. अंधार आवडणाऱ्या बियांवर ओला कागद झाका आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघा. ॲलिसम आठवड्यात उगवतं, पिटुनिया आणि कॅलेंडुला 7 ते 12 दिवसांत, फ्लॉक्स आणि अँटिरायनम पंधरवड्यात, लार्कस्पर तीन आठवडेही घेतं. पहिला हिरवा ठिपका दिसला त्याच क्षणी कागद काढायचा. एक दिवस उशीर झाला तर रोपं पांढरी पडून लांबतात आणि पुन्हा सावरत नाहीत.

हा ट्रे ठेवायचा कुठे? कूलरच्या स्टँडवर. हिवाळ्यात ते गच्चीवर रिकामंच पडलेलं असतं. मांजर माती उकरत नाही, आणि चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढत नाहीत. बी उगवलं नाही अशी तक्रार असते तेव्हा बऱ्याचदा ते मुंग्यांनी वाहून नेलेलं असतं. सुरुवातीला सकाळी दहापर्यंतचं ऊन, मग हिरव्या नेटची सावली. दोन आठवड्यांनी ऊन वाढवत न्या.

या वयात रोपांचा खरा शत्रू थंडी नव्हे, ओल. डिसेंबर 2018 मध्ये नागपुरात पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. पण तसे दिवस मोजके, आणि थंडीत ही रोपं बहुतेक वाढ थांबवून नुसती बसून राहतात. ओलीने मात्र एका रात्रीत झोपतात. देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रोप कोलमडतं. तो भाग मातीसकट उचलून फेका, पाणी फक्त सकाळी द्या, दाट उगवलेली रोपं कात्रीने कापून विरळ करा. उकळत्या पाण्याने भिजवलेली माती पूर्ण गार झाल्यावर, पेरणीआधी, ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळलं तर आणखी बरं.

चार ते सहा खरी पानं (उगवतानाच्या पहिल्या दोन पानांनंतरची) आली, म्हणजे साधारण महिन्याने, की संध्याकाळी कुंडीत हलवा. रोप पानाला धरून उचला, देठाला नको. पान तुटलं तर दुसरं येतं, देठ चिरडला तर रोप गेलं. दहा इंची कुंडीत पिटुनियाचं एक किंवा फ्लॉक्सची तीन रोपं. पिटुनिया आणि अँटिरायनम बोटभर वाढली की शेंडा खुडा. जीवावर येतं, पण फांद्या त्यानेच फुटतात.

काही फुलांना हलवलेलं खपत नाही: लार्कस्पर, पॉपी, स्वीट पी, नॅस्टर्शियम. ती थेट वाफ्यात किंवा मोठ्या कुंडीत पेरा. स्वीट पीचं बी रात्रभर भिजवून, आणि आधार पेरतानाच रोवून. लार्कस्परचं बी ओल्या कागदात गुंडाळून दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं, तर उगवण चांगली होते. आणि पाकीट ताजंच घ्या, जुनं लार्कस्पर बहुधा उगवत नाही. नॅस्टर्शियमला खत देऊ नका. दिलंत तर नुसती पानं मिळतील.

जानेवारीच्या ढगाळ दिवसांत कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. रोज पानाची मागची बाजू बघा आणि दिसताच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. फेब्रुवारीत गारपिटीचा इशारा आला तर कुंड्या छपराखाली घ्या.

मार्चमध्ये कॅलेंडुलाची वाकडी, काटेरी बी वाळली की काढून कागदी पाकिटात ठेवा आणि वर वर्ष लिहा. संकरित पिटुनियाचं बी मात्र राखू नका. त्यातून उगवणारी रोपं तुमच्या कुंडीतल्या रोपासारखी निघत नाहीत.